युद्धातले सैनिक आणि पक्षी: डायोरामा बांधणी व रंगकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैनिकांच्या आकृत्यांसोबत पक्षी असलेले डायोरामे, म्हणजे तळावर उभारलेले छोटे त्रिमितीय देखावे, मी बरीच वर्षं बनवतो आहे. त्यावर येणारे प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नुसती आकृती लाकडी ठोकळ्यावर बसवली तर तो डायोरामा होतो का?

नाही. ठोकळ्यावरची आकृती आपल्याला सैनिक कसा दिसत होता ते सांगते. डायोराम्यात तो कुठे आहे, कुठला महिना चालू आहे आणि पुढच्या क्षणी काय होणार आहे, हेही कळावं लागतं. तळहाताएवढ्या जागेतही हे जमतं. पक्षी आला की काम सोपं होतं, कारण पक्ष्यामुळे ऋतू, प्रदेश आणि वेळ आपोआप ठरतात. मात्र चुकीचा पक्षी बसवला तर या तिन्ही गोष्टी एकदम चुकतात.

२. कोणत्या स्केलमध्ये सुरुवात करू? पक्षी फार बारीक होत नाहीत ना?

१/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या आकारात करा. आकृत्या, शस्त्रं आणि सामान या स्केलमध्ये सर्वांत जास्त मिळतं. सैनिक साधारण ५० मिमी उंच होतो. कबुतर प्रत्यक्षात चोचीपासून शेपटीपर्यंत ३३ सेंमीच्या आसपास असतं, म्हणजे १/३५ मध्ये साडेनऊ मिमी. पंख पसरल्यावर ते १९ मिमी होतं. युरोपातला काळा कावळा १४ मिमी आणि पंखांसकट २६ मिमीच्या आसपास भरतो. चिमणी जेमतेम ४ मिमी.

१/७२ मध्ये कबुतर साडेचार मिमीचं होतं. त्यात आकार दाखवता येतो, रंगातले बारकावे नाहीत. ज्यांना पक्षीच मुख्य ठेवायचा आहे त्यांनी १/१६ किंवा १२० मिमी उंचीच्या आकृत्या घ्याव्यात, तिथे कबुतर २० मिमीचं होतं आणि डोळ्याभोवतीची कडाही रंगवता येते. हिशेब सोपा आहे: पक्ष्याची खरी लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि स्केलच्या आकड्याने भागा. बसवण्याआधी पक्षी सैनिकाच्या पंजाशेजारी धरून पाहा. मुठीपेक्षा कबुतर किती मोठं असतं हे सगळ्यांच्या नजरेला माहीत असतं, त्यामुळे आकार चुकला की बघणाऱ्याला लगेच खटकतं.

३. कुठल्या प्रसंगात कुठला पक्षी दाखवावा?

आधी प्रसंग ठरवा, मग पक्षी. उलट क्रमाने गेलात तर पक्षी चिकटवल्यासारखा दिसतो.

पहिल्या महायुद्धासाठी कबुतराइतका भक्कम विषय नाही. तारा तोफगोळ्यांनी तुटायच्या, निरोप्या वाटेत मरायचा, तेव्हा कबुतर सोडलं जायचं. फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या व्हो किल्ल्यातून फ्रेंच मेजर रेनाल यांनी ४ जून १९१६ रोजी शेवटचं कबुतर सोडलं, आणि ७ जूनला किल्ला पडला. किल्ल्याचं अंधारं दगडी दालन, धुराने काळवंडलेले चेहरे आणि एकाच्या हातात तो एक पक्षी. दोन आकृत्यांत होण्यासारखा हा देखावा आहे आणि त्याला अजूनही फार कमी जण हात घालतात.

दुसरी माझी आवडती जागा म्हणजे रणगाडा. ९ ऑगस्ट १९१८ रोजी फ्रान्समधल्या आल्बेर गावाजवळ ब्रिटिश मार्क पाच रणगाड्याच्या बाजूच्या झरोक्यातून कबुतर सोडतानाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. यासाठी अख्खा रणगाडा बांधायची गरज नाही. रिव्हेट लावलेल्या पत्र्याचा वीतभर तुकडा, त्यात झरोका, बाहेर आलेला हात आणि पक्षी. तेवढं पुरतं.

सुरुंग खणणाऱ्या तुकड्यांसोबत पिंजऱ्यातला कॅनरी असायचा. कार्बन मोनॉक्साइडचा त्रास त्याला माणसाआधी व्हायचा, म्हणून त्याच्याकडे बघून माणसं मागे फिरायची. ७ जून १९१७ रोजी बेल्जियममधल्या मेसिनच्या टेकाडाखाली १९ सुरुंग उडवले गेले, त्यामागे या माणसांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत होती.

दुसऱ्या महायुद्धात कबुतरं बॉम्बफेकी विमानांतून जायची, पॅराशूटने व्याप्त प्रदेशात टाकली जायची. १९४१ ते १९४४ या काळात ब्रिटिशांनी अशी सुमारे १६,००० कबुतरं टाकली. शेतात उतरलेला डबा आणि तो उघडणारा शेतकरी, असा एकही गणवेश नसलेला युद्धाचा देखावा यातून होतो.

कावळा, चंडोल, भिंगरी हे पक्षी कुणाच्या सेवेत नव्हते, पण तिथे होतेच. त्यांच्याबद्दल प्रश्न १३, १४ आणि १५ पाहा.

४. खंदकातल्या सैनिकाकडे कबुतर संदेश घेऊन येतंय, असं दाखवलं तर?

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. कबुतर फक्त आपल्या घरी, म्हणजे आपल्या कबुतरखान्यात परत जातं. त्याला पाठवता येत नाही, सोडता येतं. म्हणून कबुतरं टोपलीतून माणसांच्या पाठीवर पुढे खंदकापर्यंत जायची आणि तिथून उडत मागे यायची. खंदकात कबुतर सुटताना दाखवा, येताना नको. ‘आलं’ हा क्षण हवा असेल तर देखावा मागच्या बाजूला न्या: कबुतरखान्याची फळी, तिच्यावर उतरलेला पक्षी, त्याच्या पायाकडे हात नेणारा सैनिक.

कबुतरखाना मात्र फिरता असू शकतो. घोड्यांच्या गाड्या होत्या, आणि लंडनच्या बी-टाइप बसगाड्यांवरही कबुतरखाने बांधून आघाडीमागे नेले होते. गाडी नव्या जागी आली की पक्ष्यांना तिथल्या परिसराची पुन्हा सवय लावावी लागायची, म्हणून गाडी आघाडीच्या अगदी तोंडावर उभी करू नका.

दुसरी अडचण रात्रीची. कबुतर सहसा अंधारात उडत नाही. रात्री उडणारी कबुतरं तयार करायचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात झाले, पण तो अपवाद आहे. देखाव्यात कंदील पेटलेला असेल तर पक्षी टोपलीतच ठेवा, पहाटेची वाट बघत. तोही छान क्षण आहे.

५. टोपली आणि पायातली नळी कशी बनवायची?

टोपलीसाठी लाकडाच्या लहान ठोकळ्यावर पातळ तांब्याच्या तारेचे उभे दांडे लावा, संख्या विषम ठेवा आणि सुती दोरा एक आत एक बाहेर असा विणत जा. विषम संख्येमुळे प्रत्येक फेरीत वीण आपोआप उलटते. दोऱ्याला आधी पांढऱ्या गोंदाच्या पातळ पाण्यातून काढा म्हणजे कुसं बसतात. वाळल्यावर ठोकळा काढा, कडेला दोन दोऱ्यांचा पीळ चिकटवा. रंग आधी फिकट पिवळट, मग तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग), शेवटी वरच्या वेतांवर कोरडा ब्रश (जवळजवळ पुसून काढलेल्या ब्रशने हलका रंग). टोपली कोरी करकरीत ठेवू नका, ती माणसाच्या पाठीवरून चिखलातून आली आहे.

नळी १/३५ मध्ये मिलिमीटरभर लांब होते. ताणलेल्या स्प्रूचा (किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लागलेले असतात तिचा) एक कण, त्यावर चंदेरी रंग. १/७२ मध्ये ती सोडून द्या.

६. पक्षी आहे, सैनिक आहेत, तरी देखावा निर्जीव वाटतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा नजरा चुकलेल्या असतात. किटमधली, म्हणजे विकतच्या सुट्या भागांच्या संचातली, डोकी समोर बघत असतात. पक्षी उजवीकडे उडतोय आणि तिघेही जण समोर बघताहेत, असं झालं की त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. मान कापून फिरवा. मानेची खोबण थोडी रुंद करून डोकं चिकणमातीवर तात्पुरतं बसवा, डोळ्यांच्या उंचीवरून बघा, आणि कोन पटला की मगच गोंद लावा.

पण सगळ्यांनी पक्ष्याकडे बघायलाही नको. माझ्या अनुभवात एकाने पक्ष्याकडे, एकाने पक्षी जिथून आला त्या हाताकडे आणि एकाने भलतीकडेच, शत्रूच्या दिशेला बघावं. तो तिसरा माणूस देखाव्याला धोक्याची जाणीव देतो. पक्षी ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे रिकामी जागा सोडा. पंखांची टोकं तळाच्या कडेला टेकली की तो कोंडल्यासारखा दिसतो.

हातही बघा. कबुतर धरणारा माणूस त्याला मुठीत आवळत नाही. शरीर तळहातावर, पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, अंगठा पंखांच्या टोकांवरून पाठीवर. किटमधला बंदूक धरलेला हात यासाठी चालत नाही. बोटं कापून पुट्टीने पुन्हा बांधावी लागतात. माझ्या पहिल्या देखाव्यात हे केलं नव्हतं, आणि कबुतरं पाळणाऱ्या एका गृहस्थांनी पाहताक्षणी सांगितलं की हा पक्षी गुदमरतोय. तेव्हापासून आधी हात करतो, मग पक्षी.

७. हवा तसा पक्षी तयार मिळत नाही. घरी बनवता येईल का?

येईल, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात विकतच्यापेक्षा चांगला होतो. दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी, ०.३ मिमीची तांब्याची तार, दाढीच्या क्रीमसारख्या जुन्या धातूच्या ट्यूबचा पत्रा आणि धारदार सुरी एवढं लागतं.

तारेचा छोटा तुकडा वाकवून मान आणि धडाचा कणा करा, खाली दोन टोकं पायांसाठी सोडा. त्यावर पुट्टीचा थेंबाच्या आकाराचा गोळा लावा, छातीकडे जाड, शेपटीकडे निमुळता. इथे घाई नको. पुट्टी अर्धवट कडक झाल्यावरच डोक्याचा गोळा लावा, नाहीतर दाब देताना छाती चपटी होते. कबुतराचं डोकं शरीराच्या मानाने लहान असतं आणि छाती पुढे आलेली. नवखे लोक डोकं मोठं करतात आणि कबुतराची कोंबडी होते. कावळ्याचं डोकं चपटं, चोच लांब आणि जाड.

पंख ट्यूबच्या पत्र्यातून कापा. पत्रा काचेवर ठेवून न लिहिणाऱ्या बॉलपेनने दाबत सपाट करा, कागदावर काढलेल्या आकारानुसार कापा, आणि सुरीच्या बोथट बाजूने पिसांच्या रेषा ओढा. कबुतराच्या पंखात टोकाकडे १० मोठी उड्डाणपिसं असतात आणि शेपटीत १२. १/३५ मध्ये सगळी मोजून कापू नका. पंखाच्या टोकाला पाच-सहा खाचा दिल्या की डोळा बाकीचं समजून घेतो. शेवटी पंखाला बोटाच्या पेरावर दाबून किंचित बाक द्या. सपाट पंख कागदी विमानासारखा दिसतो.

पायाची बोटं तीन पुढे, एक मागे. तारेचा एकेक धागा सुपरग्लूच्या सूक्ष्म थेंबाने जोडा. बसलेल्या पक्ष्याला मांड्या पिसांत झाकलेल्या असतात, त्यामुळे पाय आखूड ठेवा.

८. उडणारा पक्षी हवेत कसा ठेवायचा? वरून दोरा चालेल?

दोरा नको. तो हलतो, धूळ धरतो आणि नजर सरळ त्याच्यावर जाते. पक्षी कशाला तरी नैसर्गिकपणे टेकलेला असावा. हातातून सुटणाऱ्या कबुतराची शेपटी किंवा पाय बोटाला अजून लागलेले असू शकतात, तिथे बारीक पोलादी तार दडते. ०.२५ मिमी जाडीची गिटारची पहिली तार यासाठी उत्तम, ती वाकत नाही. थवा असेल तर एकाच्या पंखाचं टोक दुसऱ्याच्या पंखाला जोडत न्या आणि सगळ्यात खालचा पक्षी तुटक्या फांदीला किंवा काटेरी तारेच्या खांबाला अडकवा.

पंखांची स्थिती पाहा. झेप घेताना पंख पाठीवर जवळजवळ एकमेकांना भिडतात, शेपटी पंख्यासारखी उघडते आणि पाय लोंबतात. उंचीवर गेलेल्या पक्ष्याचे पाय पोटाशी घेतलेले असतात. हात सोडून दोन सेंटिमीटरवर असलेला पक्षी पंख आडवे पसरून तरंगताना दाखवला की कुठेतरी खोटं वाटतं.

९. आधी सगळं जोडून मग रंगवू, की वेगवेगळं रंगवून जोडू?

पक्षी, डोकी आणि हातातलं सामान वेगळं. बाकी जोडून. प्रत्येक तुकडा टाचणीवर किंवा टूथपिकवर बसवून रंगवा. पक्षी तळावर अगदी शेवटी जातो, वार्निश आणि धुळीचा रंग सगळीकडे मारून झाल्यावर.

१०. चेहरा आणि गणवेश रंगवायला कुठून सुरुवात करू?

करड्या प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या लेपाचा, पातळ थर, मग वरून एका बाजूने पांढरा फवारा. प्रकाश कुठून येतो हे त्यातच कळतं, पुढचं काम त्याच्या मागोमाग करायचं. चेहऱ्याला लालसर तपकिरी आधार द्या, त्यावर कपाळ, नाक, गालाची हाडं, हनुवटी उजळत न्या. डोळे पांढरेशुभ्र करू नका. १/३५ मध्ये पापणीची एक गडद रेघ पुरेशी असते, आणि वर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत तर सावलीच दिसते.

गणवेश सालाप्रमाणे बदलतो. फ्रेंच सैनिक १९१५ पासून आकाशी-करड्या निळ्यात दिसतात, त्यांचं आद्रियां नावाचं पोलादी शिरस्त्राणही त्याच वर्षीचं. जर्मन पोलादी शिरस्त्राण १९१६ चं. ब्रिटिश थाळीसारखं शिरस्त्राण १९१५ च्या अखेरीस येऊ लागलं आणि १९१६ मध्ये सर्वत्र झालं. म्हणून मार्च १९१५ च्या नव्ह शापेलच्या लढाईतल्या ब्रिटिशांना कापडी टोप्या आणि भारतीय सैनिकांना फेटे हवेत, पोलादी शिरस्त्राण कुणालाच नको. अमेरिकी सैनिक १९१७ च्या आधीच्या देखाव्यात येतच नाहीत.

११. कबुतर रंगवलं की करड्या गोट्यासारखं दिसतं. तो गळ्याचा रंग कसा आणायचा?

कबुतर एका करड्या रंगाचं नसतं, तिथेच घोळ होतो. त्यात किमान तीन करडे असतात. डोकं आणि छाती गडद निळसर, पंखांची पाठ राखाडी फिकट, शेपटी मधली आणि टोकाला काळपट पट्टा. आधी मधला करडा सर्वत्र द्या, त्यात निळ्याचा थेंब असावा. मग डोकं-छाती गडद करा आणि पंख उजळा. सावलीसाठी काळा वापरू नका. गडद निळा आणि थोडा जांभळा मिसळून वापरा. त्यानंतर बंद पंखावर दोन काळे पट्टे ओढा. हे पट्टे पाठीकडून खाली तिरके येतात आणि दोन्ही पंखांवर सारखे बसले की निम्मं काम झालं.

गळ्यासाठी धातूचा चमकदार रंग वापरू नका. त्यातले कण या स्केलला फार मोठे असतात आणि पक्षी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा दिसतो. पारदर्शक हिरवा भरपूर पातळ करून मानेच्या वरच्या भागावर द्या, वाळू द्या, मग पारदर्शक जांभळा खालच्या भागावर, आणि दोघांची सीमा एकमेकांत जाऊ द्या. सगळा पक्षी मॅट वार्निशने मारून झाल्यावर फक्त गळ्यावर अर्धचमक वार्निशचा एक हात. पक्षी फिरवला की गळा आपोआप रंग बदलतो.

डोळा नारिंगी, मध्ये काळा ठिपका. पाय मळकट लाल. चोच गडद आणि तिच्या मुळाशी पांढरट फुगीर भाग, तिथे ब्रशच्या टोकाने एकच ठिपका. तो पांढरा ठिपका चुकवू नका, त्याशिवाय कबुतर कबुतर दिसत नाही.

सगळी कबुतरं पट्ट्यांची नसतात. पंखावर ठिपक्यांची नक्षी असलेली, तांबूस, डागाळलेली अशीही होती. टोपलीत दोन असतील तर एक पट्ट्यांचं आणि एक ठिपक्यांचं ठेवा.

१२. शांततेचं प्रतीक म्हणून पांढरं कबुतर ठेवलं तर?

मी ठेवत नाही. पांढरा पक्षी देखाव्यात आला की बघणारा पोस्टर बघायला लागतो, माणसं दिसेनाशी होतात. शिवाय आघाडीवर उठून दिसणारा पक्षी शत्रूलाही दिसतो आणि ससाण्यालाही. ससाण्यांचा धोका इतका होता की ब्रिटनमध्ये १९४० साली बहिरी ससाणे मारायचा सरकारी आदेश निघाला होता.

पण एक खरा अपवाद आहे. ‘व्हाइट व्हिजन’ नावाची पांढरी कबुतरी ऑक्टोबर १९४३ मध्ये समुद्रात उतरलेल्या विमानातून परतली आणि तिच्यामुळे वैमानिक वाचले. २ डिसेंबर १९४३ रोजी डिकिन पदक (युद्धातल्या प्राण्या-पक्ष्यांना दिलं जाणारं ब्रिटिश शौर्यपदक) मिळालेल्या पहिल्या तिघांत ती होती. तो प्रसंग करत असाल तर पांढरी जरूर करा. फक्त शुभ्र ठेवू नका, सावल्यांत फिकट निळसर करडा द्या.

१३. कावळा काळाच रंगवायचा ना? आणि कुठला कावळा?

शुद्ध काळा मारला की सगळे बारकावे बुडतात. काळ्यात गडद निळा आणि किंचित तपकिरी मिसळा, पंखांच्या कडा निळसर करड्याने उजळा, मग अर्धचमक वार्निश. चोचीला थोडी जास्त चमक.

प्रदेश इथे फार महत्त्वाचा आहे. कावळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर करड्या मानेचा येतो. तो १९४४ च्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर चालेल, फ्रान्समध्ये नाही. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पूर्ण काळा कावळा. पूर्व आघाडीवर, रशियात, राखाडी अंगाचा आणि काळ्या डोक्या-पंखांचा. बर्फावर हा राखाडी कावळा फार सुंदर दिसतो, कारण त्याचं अंग जवळजवळ बर्फाच्या सावलीच्या रंगाचं असतं.

१४. ऋतू आणि पक्षी यांचा मेळ कसा घालू?

भिंगऱ्या उत्तर फ्रान्समध्ये साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतात. डिसेंबर १९४४ च्या, बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलातल्या बर्फात एकही नको. तारेवरच्या होल्याबद्दलही सावध राहा: मानेवर काळी कंठी असलेला होला आज पश्चिम युरोपात सर्वत्र दिसतो, पण तो तिथे उशिरा पसरला. ब्रिटनमध्ये त्याने पहिल्यांदा घरटं केलं ते १९५५ साली. १९४४ च्या नॉर्मंडीत तो बसवू नका.

चंडोलाची गोष्ट वेगळी. गोळीबार थांबला की खंदकावर चंडोल गायचा, हे अनेक सैनिकांनी घरच्या पत्रांत लिहिलं आहे. पण चंडोल गातो उंच आकाशात, ठिपक्याएवढा, आणि १/३५ मध्ये तो ५ मिमीचा. तो तळापासून दोन वीत वर टांगणं व्यर्थ आहे. मग त्याला दाखवूच नका. तीन थकलेली माणसं, एकाच्या हातातला मग अर्ध्यावर थांबलेला, तिघांचे चेहरे आकाशातल्या एकाच बिंदूकडे. बघणारा नकळत वर बघतो. मी केलेल्या देखाव्यांतला मला सर्वांत प्रिय हाच, आणि त्यात पक्षी नाही.

१५. मृत सैनिक आणि कावळे दाखवावेत का?

युद्धात ते घडलं आहे, म्हणून खोटं नाही. पण मी कावळा मृतदेहावर बसवत नाही. तो माणूस कुणाचा तरी होता, आणि त्याची विटंबना दाखवल्याने बघणाऱ्याला नवीन काही कळत नाही. कावळा थोडा दूर, तुटक्या झाडावर, तोंड तिकडे वळवून बसलेला पुरतो. प्रदर्शनात लहान मुलंही येतात, हेही लक्षात असू द्या.

१६. चिखल आणि माती कुठल्या रंगाची ठेवू?

सगळीकडे एकच तपकिरी नको. फ्रान्समधल्या सॉमच्या भागात माती खडूची, खणली की पांढरट निघते, आणि गणवेशावरही पांढरी पूड बसते. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये चिकण, ओला, करडा चिखल. मेसिनच्या सुरुंगांतून निघणारी माती निळसर होती. ती वरून विमानांतून ओळखू येऊ नये म्हणून लपवावी लागायची. कॅनरीचा देखावा करताना हा निळसर रंग भिंतींना दिलात तर पिवळा पक्षी पेटल्यासारखा उठतो.

चिखलासाठी प्लास्टर, चाळून भाजलेली माती, पांढरा गोंद आणि रंगाची पूड. माती भाजायला विसरू नका, ओलसर राहिली तर बुरशी येते. सैनिकांचे बूट त्याच मिश्रणाने माखा. पक्ष्याला मात्र चिखल लावू नका, पायांपुरता ठीक.

१७. कॅनरीचा पिवळा कितीही हात मारले तरी मळकट येतो.

पिवळा रंग झाकत नाही. खाली पांढरा प्रायमर, त्यावर फिकट गेरू-पिवळा, मग शुद्ध पिवळ्याचे दोन पातळ हात. सावलीला गेरू, काळा कधीच नाही. १/३५ मध्ये तो साडेतीन मिमीचा होतो, म्हणून पिंजरा आधी अर्धाच बांधा, पक्षी आत बसवा, मग उरलेल्या तारा लावा.

१८. खरी पिसं वापरली तर जास्त खरं दिसेल का?

नाही. खऱ्या पिसाचे धागे या स्केलला दोरखंडासारखे दिसतात, कीड लागते, आणि काही देशांत रानपक्ष्यांची पिसं बाळगायलाही बंदी आहे. जमिनीवर गळून पडलेलं एखादं पीस दाखवायचं असेल तर कागदाचा बारीक कपटा पुरे.

१९. शेर आमी या पहिल्या महायुद्धातल्या प्रसिद्ध कबुतराचा देखावा करायचा आहे. एक पाय तुटलेला दाखवू ना?

कुठला क्षण करताय त्यावर अवलंबून आहे. ४ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात अमेरिकी ७७ व्या डिव्हिजनच्या वेढलेल्या तुकडीवर आपल्याच तोफांचे गोळे पडत होते, तेव्हा मेजर व्हिटलसी यांनी कबुतर सोडलं. सुटताना पक्षी धडधाकट होता, दोन्ही पाय शाबूत. जखमा वाटेत झाल्या. म्हणून व्हिटलसींच्या शेजारी एकपायी कबुतर ठेवणं चूक. जखमी पक्षी कबुतरखान्यावर पोचल्याचा क्षण केलात तरच ते योग्य.

अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेला तो एका पायावर उभा आहे, आणि लोक त्याचीच नक्कल करतात. तो प्रसिद्ध संदेश नेणारा पक्षी नक्की हाच होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून मी तळपट्टीवर पक्ष्याचं नाव न लिहिता जागा आणि तारीख लिहितो. तो नर होता, हे २०२१ साली डीएनए तपासणीतून स्पष्ट झालं. तेव्हा मजकुरात ‘ती’ लिहू नका.

२०. पक्ष्यांची विष्ठा दाखवावी का?

कबुतरखान्याच्या फळीवर आणि टोपलीच्या तळाशी, हो. पांढरा ठिपका, मध्ये गडद कण. सैनिकाच्या शिरस्त्राणावर नको, देखावा थट्टेचा होतो.

२१. प्रवासात पंख तुटला. नवीन पक्षी करावा लागेल?

सहसा नाही. तुटलेल्या जागी रंग खरवडून धातू उघडा करा, सुपरग्लूचा कण टूथपिकवर घेऊन पंख टेकवा आणि चिमट्याने अर्धा मिनिट स्थिर धरा. सांध्यावर पातळ केलेल्या पुट्टीचा हात द्या, मग पंखाच्या बुडाचा करडा. सुपरग्लूची वाफ शेजारच्या रंगावर पांढरी साय आणते, त्यामुळे वार्निश पुन्हा मारावं लागतं, आणि गळ्याची चमक त्यात गेली तर प्रश्न ११ मधला शेवटचा हातही. पुढच्या वेळी पक्षी तारेसकट सुटा निघेल असं भोक तळात ठेवा आणि तो वेगळ्या डबीत कापसात न्या.